कोड २१ कुठे हरवतो? पीएलएफएसची प्रश्नावली वाचताना

पेट झाली, आता मुलाखत आहे, आणि तिथे हमखास विचारतात, ‘डेटा कुठला वापरणार?’ विषय कामगार, स्त्रिया किंवा रोजगार यांपैकी काहीही असो, आपलं उत्तर ठरलेलं असतं: पीएलएफएस. म्हणजे पिरिऑडिक लेबर फोर्स सर्व्हे. २०१७-१८ पासून तो दरवर्षी होतो, युनिट लेव्हल डेटा फुकट मिळतो, सगळे तोच वापरतात. समितीही समाधानी होते.

आज त्या डेटाच्या आधी जे येतं त्याबद्दल बोलायचं आहे. म्हणजे प्रश्नावली. साहित्यकृतीची समीक्षा करतो तशी प्रश्नावलीचीही करता येते, आणि संशोधनाला बसण्याआधी ती एकदा तरी करावीच. कोणता प्रश्न आधी, कोणता नंतर, उत्तर कोण देतं, उत्तर नसेल तर रकान्यात काय पडतं, हे सगळं त्या मजकुरात असतं. मी वाचतोय ते फक्त एका छोट्या जागेपुरतं: बिनपगारी काम कुठे आणि कसं नोंदवलं जातं. उदाहरणं पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातली, कारण हे कोड इथे जितके अडखळतात तितके क्वचितच कुठे अडखळत असतील.

आधी कोड बघू. ज्यांना माहीत आहेत त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. वर्षभरात माणूस मुख्यतः काय करतो याला ‘युज्वल स्टेटस’ म्हणतात. ११ म्हणजे स्वतःचा धंदा, कोणी कामाला न ठेवता. १२ म्हणजे धंदा आहे आणि माणसं कामाला आहेत. २१ म्हणजे घरच्या धंद्यात मदत. ३१ पगारी नोकरी. ५१ रोजंदारी. ८१ काम शोधतोय. ९१ शिकतोय. ९२ फक्त घरकाम. ९३ घरकाम आणि शिवाय घरच्या वापरासाठी सरपण, चारा, भाजी गोळा करणं, शिवण वगैरे. ९४ म्हणजे भाडं, पेन्शन किंवा कोणी पाठवलेल्या पैशावर जगणारे. ८१ पर्यंतचे श्रमशक्तीत धरतात, ९१ पासून पुढचे तिच्या बाहेर.

आता भोसरी एमआयडीसीतला एक गाळा डोळ्यापुढे आणा. उदाहरण कल्पित आहे, पण लांडेवाडी, इंद्रायणीनगर, तळवडे या बाजूला फिरलेल्या कोणालाही ते अनोळखी वाटणार नाही. दोन लेथ, हप्त्यावर घेतलेली एक सीएनसी. माल मोठ्या कंपनीच्या व्हेंडरच्या व्हेंडरकडे जातो, सगळं जॉबवर्क. नवरा मशीनवर. बायको दुपारी स्वयंपाक आवरून गाळ्यावर येते, पीस मोजते, बर काढते, चलन लिहिते, महिन्याच्या शेवटी जीएसटीचे कागद अकाउंटंटकडे पोचवते, आणि पेमेंट अडकलं की फोनही तीच करते, कारण तिचा आवाज ऐकून पलीकडचा माणूस जरा नीट बोलतो. तिला पगार नाही.

प्रगणक दारात येतो. गाळ्यावर नाही, घरी येतो, कारण सर्वेक्षण घराचं आहे. टॅबवर प्रश्न उघडतो आणि जो भेटेल त्याला विचारतो. एक माणूस घरातल्या सगळ्यांची माहिती देऊ शकतो.

‘वहिनी काय करतात?’

‘काही नाही, घरीच असते.’

९२.

यात कोणी खोटं बोललेलं नाही. नवऱ्याला खरंच तसं वाटतं. पुष्कळदा वहिनींनाही तसंच वाटतं, आणि त्या स्वतः दारात आल्या तरी उत्तर हेच येईल. ‘काम’ हा शब्द मराठीत ज्या अर्थाने वापरला जातो त्यात पैसे आणि बाहेर जाणं हे दोन्ही आधीच बसलेलं आहे. घरच्या गाळ्यावरचं ते ‘बघणं’ असतं. ‘मी थोडं बघते तिकडचं.’

म्हणून माझी पहिली तक्रार व्याख्येबद्दल नाहीच. व्याख्येत कोड २१ व्यवस्थित आहे: घरातल्या धंद्यात पूर्णवेळ किंवा अर्धवेळ काम करणारे, ज्यांना त्याबद्दल नियमित पगार किंवा मजुरी मिळत नाही. उत्तम. भारतीय आकडेवारीला बायकांचं काम दिसतच नाही असं सरसकट लिहिणारे निबंध मी वाचतो तेव्हा वाटतं, यांनी शेड्यूल उघडलेलं नाही. १९९१ च्या जनगणनेतच कामाच्या प्रश्नात ‘शेतावरचं किंवा घरच्या धंद्यातलं बिनपगारी काम धरून’ अशी पुस्ती जोडली गेली, आणि त्यामागे १९७० च्या दशकापासूनचा देवकी जैन आणि इतर अभ्यासकांचा रेटा होता. रकाना आहे. प्रश्न आहे तो रकान्यापर्यंत पोचण्याचा रस्ता कसा आहे हा.

आणि तो रस्ता अरुंद झालाय. एनएसएसच्या जुन्या पंचवार्षिक रोजगार फेऱ्यांमध्ये, २०११-१२ च्या ६८ व्या फेरीपर्यंत, ज्यांना ९२ किंवा ९३ लागला त्यांच्यासाठी पुढचे वेगळे प्रश्न होते. घरकाम का करता, त्यासोबत परसबाग, कोंबड्या, दळणकांडण, शिवण यांपैकी काय काय करता, घरबसल्या काम मिळालं तर घ्याल का. ते प्रश्न आदर्श नव्हते. त्यांची यादीही खेड्यातल्या अंगणाची होती, गाळ्यावरच्या चलनाची नव्हती. पण निदान ९२ लिहून झाल्यावर प्रगणक थांबून परत एकदा विचारत होता. पीएलएफएस आला तेव्हा तो ब्लॉक राहिला नाही. प्रश्नावली छोटी हवी, निकाल लवकर हवेत, हे कारण समजण्यासारखं आहे. तरी माझ्या मते हा तोटा मोठा आहे, कारण ९२ हा कोड भारतीय सर्वेक्षणात ‘उरलेल्या बायका’ ठेवायची जागा म्हणून वापरला जातो, आणि उरलेल्यांना परत विचारलं नाही तर त्या तिथेच राहतात.

दुसरी गोष्ट तांत्रिक आहे, पण विद्यार्थी इथेच सर्वात जास्त फसतात. मुख्य स्थिती ठरते ती वर्षातला जास्त वेळ कशात गेला यावर. वहिनी रोज तीन तास गाळ्यावर आणि त्याच्या दुप्पट वेळ घरकामात असतील तर मुख्य स्थिती ९२ च येणार. मग कोड २१ येतो तो दुय्यम स्थितीत, म्हणजे ‘सब्सिडिअरी स्टेटस’मध्ये, ज्यासाठी वर्षात ३० दिवसांचं काम पुरतं. याचा अर्थ, तुम्ही डेटा उघडलात आणि फक्त मुख्य स्थितीचा रकाना घेतलात तर ही बाई तुमच्या विश्लेषणातून तुम्हीच काढून टाकलीत. सरकारने मोजली होती. एमएच्या प्रबंधांत हे इतक्या वेळा दिसतं की आता मी आधी तेच तपासतो. उलट चालू साप्ताहिक स्थितीत, म्हणजे सीडब्ल्यूएसमध्ये, सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी एक तास काम केलं तरी माणूस कामात धरला जातो. २०२५ पासून जे मासिक आकडे येऊ लागले ते याच मोजमापाचे आहेत. दोन मोजमापं, एकच वहिनी, एकात ती मुख्यतः गृहिणी, दुसऱ्यात ती कामगार. तक्त्याखालची बारीक अक्षरातली ओळ वाचल्याशिवाय एका मालिकेतला आकडा दुसरीला जोडू नका.

आता आकड्यांकडे. १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमशक्ती सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. यावर वर्तमानपत्रांत दोन प्रकारचे मथळे येतात. एक, ‘महिलांची स्वयंरोजगारात झेप’. दुसरा, ‘सगळी वाढ बिनपगारी’. दोन्ही ऐकून सोडून द्यावेत. काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये स्वयंरोजगाराचा वाटा या काळात ५१.९ वरून ६७.४ टक्क्यांवर गेला हे खरं. पण अहवालातला ‘स्वयंरोजगार’ म्हणजे ११, १२ आणि २१ यांची बेरीज. मालकीण आणि बिनपगारी मदतनीस एकाच टोपलीत. ही टोपली फोडली की दिसतं, मदतनीसांचा वाटा ३१.७ वरून ३६.७ झाला, आणि उरलेल्यांचा साधारण २० वरून ३१ च्या जवळ. म्हणजे दोन्ही वाढले, आणि स्वतःचा धंदा असं नोंदलेल्यांचा वाटा जास्त वेगाने वाढला. हा आकडा माझ्यासारख्याच्या आवडत्या गोष्टीच्या विरुद्ध जातो, म्हणून मुद्दाम सांगतोय. शिवाय एकूण काम करणाऱ्या बायकाच जवळजवळ दुप्पट झाल्यात, तेव्हा नुसत्या वाट्यावरून बोलणंही अपुरं. ढोबळ गुणाकार केला तर दर १०० प्रौढ स्त्रियांमागे बिनपगारी मदतनीस ७ च्या आसपास होत्या, त्या १५ च्या आसपास झाल्या. हे देशाचं चित्र आहे, भोसरीचं नाही. पण ‘स्वयंरोजगार’ हा शब्द तक्त्यात दिसला की तो फोडायचा, ही सवय लावून घ्या.

आपल्या पट्ट्यात मात्र ही फोडही पुरत नाही. इथे कितीतरी फर्म बायकोच्या नावावर असतात. नवरा मोठ्या कंपनीत पर्मनंट, त्यामुळे धंदा तिच्या नावाने, किंवा महिला उद्योजकांसाठीची सवलत मिळते म्हणून. उद्यम नोंदणीत ती प्रोप्रायटर आहे. गाळ्यावर निर्णय दीर घेतो. प्रगणकाला ती ११ सांगेल, २१ सांगेल की ९२? सर्वेक्षण कागद मागत नाही, धंदा कोण चालवतं ते विचारतं, आणि ते योग्यच आहे. पण याचा उलटा प्रकारही आहे: ती खरंच चालवते आणि सगळीकडे नाव त्याचं. तिथे ती २१ होते, म्हणजे मदतनीस. कोण चालवतं आणि कोण मदत करतं ही रेघ घरातल्या सत्तेची रेघ आहे. ती काढायचं काम आपण दारात उभ्या राहिलेल्या कंत्राटी प्रगणकावर टाकलंय.

मग व्याख्येतला एक शब्द: मदतनीस ‘त्याच कुटुंबात राहणारा’ हवा. आणि कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. दोन भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, गाळा एकच राहिला, धाकटी जाऊ अजूनही पॅकिंगला येते, दिवाळीला साडी आणि हातात थोडे पैसे. ती २१ मध्ये बसत नाही, कारण धंदा तिच्या कुटुंबाचा नाही. ३१ नाही, कारण पगार नाही. ५१ म्हणावं तर ती रोजंदारीवरची मजूर आहे असं घरात म्हणून दाखवा! तिला काय लागणार हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही.

चाकणकडे गेलं की अजून एक. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी इथे जमिनी कारखान्यांकडे गेल्या आणि ज्यांच्याकडे थोडीफार जागा राहिली त्यांनी खोल्या बांधल्या. कंत्राटी कामगार तिथे चार-चार, सहा-सहा जण राहतात. या घराचं उत्पन्न भाड्याचं, म्हणून घरच्या माणसाला ९४. रेंटिअर. शब्द ऐकला की आरामखुर्ची दिसते. प्रत्यक्षात मोटर कधी चालू करायची, टँकर कधी बोलवायचा, संडास कोण साफ करणार, एक गेला की दुसरा भाडेकरू कुठून आणायचा, हे रोजचं काम आहे आणि ते बहुतेक घरातली बाई करते. तिने त्याच मुलांना डबे लावले तर मात्र ती लगेच ११ होते. म्हणजे तीच बाई, तीच मुलं, पोळ्या केल्या तर धंदा आणि पाणी सोडलं तर घरकाम. ९३ ची यादी तर इथे अगदीच जुनी वाटते. सरपण आणि चारा शोधायला आता एमआयडीसीच्या कंपाउंडमध्ये शिरावं लागेल.

तुलनेसाठी एक वेगळाच कागद घेऊ. निगडी, प्राधिकरण, पिंपळे सौदागर इथल्या पुष्कळ घरांतली मुलं-मुली अमेरिकेत आहेत. तिथे नागरिकत्वासाठी एन-४०० नावाचा अर्ज भरावा लागतो आणि त्यात मागच्या पाच वर्षांच्या नोकरी-शिक्षणाची माहिती मागतात. स्वतःचा धंदा असेल तर तसं लिहायचं, बेकार असाल तर तसं. अर्जदार सगळं खरं आहे अशी सही करतो आणि खोटं निघालं तर शिक्षेला पात्र होतो. एच-४ व्हिसावर गेलेल्या बायकांचा विचार करा. परवान्याशिवाय त्यांना काम करता येत नाही, आणि तो परवाना मागायची सोय काही एच-४ धारकांना २६ मे २०१५ पासून झाली. पुढे ग्रीन कार्ड, मग हा अर्ज. त्या दरम्यान एखादीने दर रविवारी मराठी शाळेत मोबदला न घेता शिकवलं, मैत्रिणीच्या दुकानाचे हिशोब बघितले. हे काय आहे? कोणी काय लिहावं याचा सल्ला मी देत नाही, त्यासाठी वकील असतात. मला रस आहे तो दोन कागदांच्या स्वभावात. पीएलएफएसमध्ये तुमची ओळख दुसरा माणूस ठरवतो, चूक झाली तर तुम्हाला कधी कळतही नाही. नागरिकत्वाच्या अर्जात ती तुम्ही स्वतः जाहीर करता, आणि त्या वेळी एकेका शब्दाचं ओझं जाणवतं. पगार नसलेल्या कामाला दोन्हीकडे नीट शब्द नाही. फरक इतकाच की तिथे अर्जदाराची झोप उडते, इथे कोणाचीच नाही.

इथे कोणाचंच काही बिघडत नाही, असं मात्र समजू नका. पुणे-नाशिक रस्ता, तळेगाव-चाकण रस्ता इथली वाहतूक तुम्ही पाहिलीय. गाळ्यावर काम करणारी बाई अपघातात गेली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात पहिला प्रश्न तिच्या उत्पन्नाचा येतो. पगारपत्रक नाही, रिटर्न नाही. मोटार वाहन कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात न कमावणाऱ्या व्यक्तीचं उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरायचं आणि न कमावणाऱ्या पती किंवा पत्नीसाठी कमावत्या जोडीदाराच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश, असं बरीच वर्षं होतं. २०१० मध्ये अरुणकुमार अग्रवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणींच्या कामाचं मोल करताना जनगणनेवरच टीका केली: त्यांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर अनुत्पादक गटात टाकलं गेलंय. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात न्या. रमणा यांनी २०१९ च्या टाइम यूज सर्व्हेचे आकडे निकालपत्रात घेतले: बिनपगारी घरकामात बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. सर्वेक्षणातला रकाना असा कोर्टापर्यंत जातो. पण बघा, दोन्ही निकाल गृहिणीबद्दल आहेत. गाळ्यावरची तीन तासांची बाई, म्हणजे २१, तिथेही गृहिणी म्हणूनच उभी राहण्याची शक्यता जास्त.

‘मग तिला पगारावरच का घेत नाहीत?’ असं एक मित्र सहज म्हणाला. घेतात काही जण. पण १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे स्वतःच्या धंद्यातून जोडीदाराला दिलेला पगार, तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता नसेल तर, नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवला जायचा. करचुकवेगिरी थांबवायला तो नियम होता, आणि त्याची गरजही होती. बर काढण्याची पदवी मात्र कोणतंच विद्यापीठ देत नाही. तेव्हा अकाउंटंट म्हणतो, कशाला दाखवता, फायदा काही नाही.

आता तुमच्या कामाचं. क्षेत्रकार्यासाठी प्रश्नावली बनवताना पीएलएफएसचे कोड उचलून तसेच चिकटवायची पद्धत आहे. तुलना करता यावी म्हणून कोड ठेवा, पण विचारण्याचा क्रम बदला. ‘काय काम करता?’ हा प्रश्न शेवटी. आधी ‘काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं?’ मग, ‘गाळ्याचं बिल कोण करतं? माल न्यायला टेंपो आला तर सही कोण करतं? तुम्ही आठ दिवस माहेरी गेलात तर यातलं काय अडेल?’ हा शेवटचा प्रश्न विचारून बघा, उत्तर द्यायला त्या थांबत नाहीत. आणि शक्यतो ज्याचं काम त्यालाच विचारा. घरी सासूबाई किंवा नवरा समोर असेल तर गाळ्यावर जाऊन विचारा. नमुन्यातली घरं चुलीवरून ठरवली असतील तर गाळ्यावर येणारी पण दुसऱ्या चुलीची माणसं वेगळ्या रकान्यात लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतात. तुम्हाला ११ आणि २१ मधली रेघ काढायचीच असेल तर पैशाचे, ऑर्डरचे आणि माणसं ठेवण्याचे निर्णय असे तीन वेगळे प्रश्न ठेवा. एकाच्या उत्तरावर जाऊ नका. कामगार सांख्यिकीतज्ज्ञांच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘काम’ आणि ‘रोजगार’ यांच्या व्याख्या वेगळ्या केल्या आहेत. तो ठराव वाचल्याशिवाय सैद्धांतिक प्रकरण लिहायला घेऊ नका. मार्गदर्शक विचारतीलच.

टाइम यूज सर्व्हे हा पीएलएफएसचा चांगला जोडीदार आहे, पर्याय नाही. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत त्याची चाचणी झाली, त्यात महाराष्ट्र नव्हता. देशभर तो २०१९ मध्ये आणि नंतर २०२४ मध्ये झाला. दुसऱ्या वेळी बायकांची २९९ मिनिटं २८९ झाली, पुरुषांची ९७ वरून ८८. तो ‘तुम्ही कोण?’ असं विचारत नाही, आदल्या पहाटे चारपासून पुढचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहून घेतो. त्यामुळे चलन लिहिण्याची वीस मिनिटं तिथे धंद्याचं काम म्हणून येऊ शकतात, त्या बाईला कोणी मदतनीस म्हणो वा न म्हणो. अडचण एवढीच की एकाच दिवसाची माहिती असते, आणि महिनाअखेरीचा दिवस आणि दहा तारखेचा दिवस यांत गाळ्यावर जमीन-अस्मानाचा फरक असतो. दुसरं, एका अर्ध्या तासात कुकर लावून मोबाईलवर ई-वे बिल काढलं तर दोन्ही नोंदता येतात खरे, पण त्यातलं मुख्य कोणतं हे पुन्हा सांगावं लागतं.